पांडुरोग

पांडुरोग : (रक्तक्षय). रक्तातील हीमोग्लोबिनाचे (तांबड्या कोशिकांतील लोहयुक्त व ऑक्सिजनवाहक प्रथिनाचे) प्रमाण किंवा तांबड्या कोशिकांची संख्या, त्या वयाच्या, लिंगाच्या व शारीरिक अवस्थेच्या निरोगी व्यक्तीत असावयास पाहिजे त्याहून कमी होणे, या विकृतीस ‘पांडुरोग’ म्हणतात. व्यवहारात ‘अंगात रक्त कमी असणे’ असे म्हटले जाते. प्रत्यक्षात रक्ताचे एकूण घनफळ बहुधा फारसे घटलेले नसते. घटलेली असते ती त्याची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता. पांडुरोग हा स्वतंत्र रोग नव्हे. ज्वराप्रमाणेच ते शरीरातील दुसऱ्या कोणत्या तरी बिघाडाचे चिन्ह आहे. म्हणून ‘पांडुरोग आहे’ एवढे कळल्याने निदान पुरे होत नाही. तो कशामुळे झाला हे शोधावे लागते.

समुद्रसपाटीच्या प्रदेशात राहणाऱ्या प्रौढ पुरुषाच्या १०० मिलि. रक्तात १३ ग्रॅ.पेक्षा, गर्भवती नसलेल्या स्त्रीच्या रक्तात १२ ग्रॅ.पेक्षा व गर्भवतीच्या रक्तात ११ ग्रॅ.पेक्षा कमी हीमोग्लोबिन असल्यास पांडुरोग आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या मापदंडानुसार समजतात. २०२४ मध्ये या मर्यादांचा फेरविचार होऊन गर्भारपणाच्या मधल्या तीन महिन्यांसाठी आणि सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या बालकांसाठी १०·५ ग्रॅ. ही मर्यादा ठरविण्यात आली. उंच पर्वतीय प्रदेशातील लोकांत हीमोग्लोबिन मुळातच अधिक असते; त्यांच्यासाठी हे आकडे वाढवून घ्यावे लागतात.

कारणे : तांबड्या कोशिका अस्थिमज्जेत (हाडांच्या पोकळीतील मऊ ऊतकात) तयार होतात. प्रौढ माणसात दर सेकंदास वीस लाखांहून अधिक कोशिका निर्माण होतात, सुमारे १२० दिवस रक्तात फिरतात आणि जीर्ण झाल्यावर मुख्यतः प्लीहेत व यकृतात नाश पावतात. त्यांतील लोह वाया न जाता नव्या कोशिकांसाठी पुन्हा वापरले जाते. निर्मिती व नाश यांचा हा समतोल तीन प्रकारे ढळतो : रक्तस्राव होऊन कोशिका शरीराबाहेर जातात, अस्थिमज्जेत त्या पुरेशा तयार होत नाहीत किंवा आयुष्य संपण्यापूर्वीच त्यांचा नाश होतो. अनेक रुग्णांत यांपैकी एकाहून अधिक कारणे एकत्र आढळतात.

लोहन्यूनताजन्य पांडुरोग : जगात व भारतातही हा प्रकार सर्वांत अधिक आढळतो. प्रौढ पुरुषाच्या शरीरात सु. ४ ग्रॅ. लोह असते, स्त्रीत ते याहून कमी असते. एवढे लोह म्हणजे एखाद्या लहान खिळ्याच्या वजनाइतके. पण त्यातील जवळजवळ दोन तृतीयांश भाग हीमोग्लोबिनात गुंतलेला असल्यामुळे त्याची थोडी तूटही रक्तावर परिणाम करते. जास्तीचे लोह बाहेर टाकण्याची खास यंत्रणा शरीरात नाही. पुरुषाच्या शरीरातून रोज सु. १ मिग्रॅ. लोह आतड्याच्या व त्वचेच्या गळून पडणाऱ्या कोशिकांबरोबर जाते. स्त्रीच्या बाबतीत त्यात मासिक ऋतुस्रावाची भर पडते. १ मिलि. रक्ताबरोबर सु. अर्धा मिग्रॅ. लोह जात असल्याने ३०–४० मिलि. ऋतुस्राव म्हणजे दरमहा १५–२० मिग्रॅ. लोहाची हानी होय. स्राव अधिक होत असेल, तर हानीही त्या मानाने वाढते.

ही रोजची गरज आकड्यांत क्षुल्लक वाटते. अडचण आहे ती शोषणाची. मांस, मासे व यकृत यांतील लोह आतड्यात सहज शोषले जाते. धान्ये, डाळी व पालेभाज्या यांतील लोहाचे शोषण फार अल्प होते, कारण धान्याच्या कोंड्यातील फायटिक अम्ल आणि चहातील टॅनिन त्याला बांधून ठेवतात. मुख्यतः धान्यावर आधारलेल्या आहारातील लोहापैकी बहुधा शेकडा पाच ते दहा भागच रक्तात पोहोचतो. म्हणून ताटात लोह पुरेसे दिसत असूनही शरीरात ते अपुरे पडू शकते. पालेभाजीत लोह असते म्हणून ती खाल्ली की काम झाले, ही समजूत त्यामुळे अपुरी ठरते. गुळाविषयीच्या समजुतीचेही तसेच आहे. गुळातील लोहाचा काही अंश तो ज्या लोखंडी कढईत आटवला जातो तिच्यातून आलेला असतो आणि नेहमीच्या खाण्यातील एखाद्या खड्यातून मिळणारे लोह मोजकेच असते.

गर्भारपणात हा हिशेब पूर्णपणे बदलतो. गर्भ, वार, मातेच्या वाढलेल्या तांबड्या कोशिका आणि प्रसूतीच्या वेळचा रक्तस्राव या सर्वांसाठी मिळून सु. १,००० मिग्रॅ. लोह लागते व त्याचा बहुतेक भाग उत्तरार्धात हवा असतो. त्या काळातील ६–७ मिग्रॅ.ची रोजची गरज उत्तम आहारातूनही भागत नाही. ती पूर्वीच्या साठ्यातून भागवावी लागते. ज्या मुलीचा साठा वयात येतानाच रिकामा होता, लग्न लवकर झाले आणि दोन बाळंतपणांत पुरेसे अंतर राहिले नाही, तिच्याजवळ असा साठा नसतो. घरातील सर्वांचे झाल्यावर उरलेले खाण्याची रीत या उणिवेत भर घालते.

रक्तस्राव हे लोहन्यूनतेचे दुसरे मोठे कारण होय. भारताच्या ग्रामीण भागात अंकुशकृमी या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. उघड्यावर शौचास बसल्याने ओलसर मातीत या कृमींचे डिंभ वाढतात, अनवाणी पायाच्या त्वचेतून शरीरात शिरतात आणि अखेर लहान आतड्यात जाऊन भित्तीला चिकटून रक्त शोषतात. त्यांपैकी मोठ्या जातीचा एक कृमी दिवसाला सु. ०·१५ ते ०·२ मिलि. रक्त घेतो, असे शंभर कृमी असल्यास रोज १५–२० मिलि. रक्त जाते. आल्प्स पर्वतातील सेंट गॉटहार्ड बोगद्याचे खोदकाम चालू असताना १८८० च्या सुमारास तेथील मजुरांमध्ये तीव्र पांडुरोगाची साथच पसरली होती. तिचे मूळ या कृमींत आहे असे दिसून आल्यावर त्यांचे महत्त्व यूरोपात सर्वमान्य झाले. मूळव्याध, जठरव्रण आणि आतड्याचा कर्करोग यांतूनही नकळत रक्त जात राहते. म्हणून प्रौढ पुरुषात किंवा ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रीत लोहन्यूनता आढळल्यास पचनमार्गाची तपासणी केल्याविना केवळ बलवर्धक औषध देणे धोक्याचे असते. औषधाने रक्त काहीसे सुधारते आणि मूळ रोग मागे लपून वाढत राहतो.

फॉलिक अम्ल व ब१२ जीवनसत्त्व यांच्या न्यूनतेचा पांडुरोग : या दोहोंवाचून अस्थिमज्जेतील कोशिकांचे विभाजन नीट होत नाही; तयार होणाऱ्या तांबड्या कोशिका संख्येने थोड्या व आकाराने मोठ्या असतात. या प्रकाराच्या संशोधनाशी मुंबईचा निकटचा संबंध आहे. ल्यूसी विल्स (१८८८–१९६४) ही इंग्रज स्त्री-वैद्य गर्भवती स्त्रियांच्या घातक पांडुरोगाचा अभ्यास करण्यासाठी १९२८ मध्ये मुंबईस आली. कापड गिरण्यांच्या वस्तीतील गरीब स्त्रियांत हा रोग विशेष आढळत होता व अनेकींचा त्यात अंत होत होता. त्याचे रक्तचित्र त्या काळी ज्ञात असलेल्या मारक पांडुरोगासारखे दिसे. पण गर्भवतींच्या या विकारात मज्जातंतूंची विकृती आढळत नसे. विल्स यांनी रुग्ण स्त्रियांच्या आहाराची बारकाईने नोंद केली आणि तशाच आहारावर प्रथम उंदीर व नंतर माकडे ठेवून प्रयोग केले. हे आहार निकृष्ट होते. त्यांत फळे, पालेभाज्या व दूध यांचा जवळजवळ अभाव होता. यीस्टचा स्वस्त अर्क खाऊ घातल्यावर माकडे सुधारली आणि रुग्ण स्त्रियाही झपाट्याने बऱ्या झाल्या. हे निष्कर्ष १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. मारक पांडुरोगावर गुणकारी असलेला यकृताचा शुद्ध केलेला अर्क मात्र या स्त्रियांना लागू पडला नाही. यावरून यीस्टमध्ये निराळाच पदार्थ आहे हे स्पष्ट झाले. काही काळ तो ‘विल्स घटक’ या नावाने ओळखला जाई. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांपासून फॉलिक अम्ल वेगळे करण्यात आले आणि १९४५ मध्ये ते संश्लेषणाने तयार झाले. हे संश्लेषण ज्या प्रयोगशाळेत झाले, तेथील संशोधनाचे प्रमुख यल्लाप्रगडा सुब्बाराव हे मूळचे आंध्रातील होते. परळच्या बायकांसाठी सुरू झालेल्या शोधाची फलश्रुती आज जगभर गर्भवतींना दिल्या जाणाऱ्या गोळीत आहे.

ब१२ जीवनसत्त्व फक्त प्राणिज पदार्थांत असते. शुद्ध शाकाहारी व्यक्तीला ते दूध, दही, ताक यांवाटेच मिळते आणि दूधही न परवडणाऱ्यांत त्याची उणीव सहज निर्माण होते. मारक पांडुरोगात आहार पुरेसा असूनही जठरात स्रवणारा अंतस्थ घटक नसल्यामुळे या जीवनसत्त्वाचे शोषण होत नाही. मायनट व मर्फी यांनी १९२६ मध्ये रोज भरपूर यकृत खाऊ घालून हा तोवर असाध्य असलेला रोग आटोक्यात आणला. या कार्यासाठी त्यांना व व्हिपल यांना १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ब१२ वेगळे करण्यात १९४८ मध्ये यश आले. या न्यूनतेत हातापायांना मुंग्या येणे, चाल डळमळणे अशी मज्जातंतूंची लक्षणे उद्भवतात. अशा रुग्णाला केवळ फॉलिक अम्ल दिल्यास रक्त सुधारते. मज्जातंतूंची हानी मात्र चालूच राहते व ती कायमची होऊ शकते.

रक्तविलयनजन्य व इतर पांडुरोग : हिवतापाचे परजीवी तांबड्या कोशिका फोडतात, वारंवार हिवताप येणाऱ्या प्रदेशात प्लीहावृद्धी व पांडुरोग जोडीने आढळतात. आनुवंशिक प्रकारांपैकी दात्र-कोशिका पांडुरोग महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्यात सदोष हीमोग्लोबिनामुळे ऑक्सिजन कमी पडताच तांबड्या कोशिका विळ्याच्या आकाराच्या होतात, लहान रक्तवाहिन्या तुंबवतात आणि असह्य वेदनांचे झटके येतात. भारतात याची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत झाली. विदर्भ व नंदुरबारकडील आदिवासी आणि इतर काही समाजांत हा विकार बराच आढळतो. त्याच्या निर्मूलनासाठी २०२३ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय मोहीम सुरू केली. थॅलॅसीमियाच्या तीव्र प्रकारात हीमोग्लोबिनाची घडणच अपुरी राहते व मुलाला जन्मभर ठरावीक दिवसांनी रक्त द्यावे लागते. हा दोष सिंधी, कच्छी, पंजाबी आदी समाजांत तुलनेने अधिक आहे. अस्थिमज्जेचे कार्य मंदावणे, मूत्रपिंडांचे जीर्ण विकार, क्षयासारखे दीर्घकालीन संसर्ग व कर्करोग यांमुळेही पांडुरोग होतो. [⟶ रक्त, हीमोग्लोबिन].

लक्षणे : एकाएकी पुष्कळ रक्त गेल्यास रुग्ण घामाघूम होतो, नाडी जलद होते व शुद्ध हरपते. याच्या उलट हळूहळू वाढणाऱ्या पांडुरोगाशी शरीर जुळवून घेते. हृदय अधिक वेगाने रक्त फिरवते, हीमोग्लोबिन आपल्याजवळचा ऑक्सिजन ऊतकांना अधिक सहजपणे देऊ लागते. त्यामुळे १०० मिलि. रक्तात ७ ग्रॅ. हीमोग्लोबिन असलेली स्त्री पाणी भरताना, निंदणी करताना दिसते आणि तिला विचारल्यास ‘मला काही होत नाही’ असे ती प्रामाणिकपणे सांगते. थकवा, चढ चढताना धाप, छातीत धडधड, डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, पायांवर सूज, कामात लक्ष न लागणे ही लक्षणे इतक्या सावकाश येतात की, ती स्वभाव, वय किंवा आळस यांच्या माथी मारली जातात. शाळकरी मुलाचा अभ्यासातील मागासलेपणाही पुष्कळदा असाच समजला जातो.

खालच्या पापणीची आतील बाजू, जीभ, नखे व तळहात यांचा फिकटपणा हे पाहताक्षणी कळणारे चिन्ह होय. सावळ्या वर्णाच्या माणसात चेहऱ्यावरून अंदाज बांधू नये. लोहन्यूनता दीर्घकाळ टिकल्यास नखे ठिसूळ होऊन चमच्यासारखी खोलगट होतात, तोंडाचे कोपरे चिरतात, जीभ गुळगुळीत होते. माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, राख किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटणे हे लोहन्यूनतेचे खास लक्षण आहे. गर्भवतीच्या बाबतीत ते डोहाळे म्हणून कौतुकाने पाहिले जाते व मुलाच्या बाबतीत खोडी म्हणून मार दिला जातो. दोन्ही वेळा रक्त तपासणे राहून जाते.

तीव्र पांडुरोगाचा खरा धोका प्रसूतीच्या वेळी प्रकट होतो. निरोगी स्त्री प्रसूतीतील अर्धा लिटर रक्तस्राव सहन करते. तेवढाच किंवा त्याहूनही कमी स्राव पांडुरोगी स्त्रीला प्राणघातक ठरतो, आणि हीमोग्लोबिन फारच घटलेले असेल तर स्राव न होताही प्रसूतीच्या श्रमाने हृदय निकामी होते. अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे मूल जन्मण्याची शक्यताही वाढते आणि ते मूल लोहाचा अपुरा साठा घेऊन येते.

भारतातील व्याप्ती : २०१९–२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७%, गर्भवतींपैकी ५२%, त्याच वयाच्या पुरुषांपैकी २५% आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी ६७% पांडुरोगी आढळली. महाराष्ट्रात स्त्रियांचे प्रमाण ५४% व बालकांचे ६९% होते. आधीच्या, २०१५–१६ च्या सर्वेक्षणाहून हे आकडे वाढलेले आहेत. बोटाच्या टोकाला टोचून घेतलेल्या थेंबावरून केलेल्या या मोजणीत प्रमाण काहीसे फुगून येते, असा आक्षेप आहे व तो निराधार नाही. नीलेतील रक्त तपासणाऱ्या २०१६–१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षांच्या बालकांत ४१%, किशोरवयीन मुलींत ४०% व मुलांत १८% एवढे प्रमाण मिळाले. आक्षेप मान्य केला, तरी दहांतील चार मुली हा आकडा लहान ठरत नाही.

निदान : हीमोग्लोबिनाच्या मापनाबरोबर काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर पसरून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. लहान व फिकट कोशिका लोहन्यूनता किंवा थॅलॅसीमिया, मोठ्या कोशिका फॉलिक अम्ल वा ब१२ यांची न्यूनता आणि विळ्याच्या आकाराच्या कोशिका दात्र-कोशिका विकार सुचवितात. रक्तरसातील फेरिटिनाच्या मापनावरून लोहाच्या साठ्याची कल्पना येते. मात्र अंगात संसर्ग असल्यास हे प्रमाण फसवे वाढते. कृमींच्या अंड्यांसाठी व लपलेल्या रक्तासाठी मलपरीक्षा आवश्यक असते.

चिकित्सा : लोहन्यूनतेत फेरस सल्फेटासारखी स्वस्त लोहलवणे तोंडाने देणे हा मुख्य उपाय होय. गोळी चहा, कॉफी किंवा दुधाबरोबर घेऊ नये. लिंबाच्या सरबताबरोबर घेतल्यास शोषण वाढते. मळमळ, बद्धकोष्ठ व काळा मल यांमुळे पुष्कळ स्त्रिया गोळ्या सोडून देतात. मलाचा काळेपणा निरुपद्रवी आहे, तसेच गोळ्यांनी मूल काळे होते किंवा पोटात फार वाढते या समजुतींना आधार नाही. मळमळ होत असल्यास गोळी जेवणानंतर घ्यावी. शोषण थोडे घटते, पण गोळी पोटात जाते हे अधिक महत्त्वाचे. तीन-चार आठवड्यांत हीमोग्लोबिन सु. २ ग्रॅ. वाढावयास हवे. न वाढल्यास गोळ्या घेतल्या जात नाहीत, रक्तस्राव चालू आहे किंवा निदान चुकले आहे, असे समजावे. हीमोग्लोबिन पूर्ववत झाल्यानंतरही साठा भरून येण्यासाठी आणखी सु. तीन महिने औषध चालू ठेवावे लागते. गर्भारपणाच्या उत्तरार्धात पांडुरोग तीव्र असेल, तर नीलेतून लोह देतात; हृदयावर ताण आला असल्यास सावधपणे रक्त द्यावे लागते. थॅलॅसीमियाच्या तीव्र प्रकारात, जेथे वारंवार रक्त द्यावे लागते, तेथे लोहाचा अतिसंचय हाच मोठा धोका असतो. त्या रुग्णांना लोहाच्या गोळ्या देऊ नयेत.

आयुर्वेदात चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पांडुरोगावर स्वतंत्र अध्याय आहे. वात, पित्त, कफ व सन्निपात यांपासून होणारे चार आणि माती खाल्ल्याने होणारा एक असे पाच प्रकार त्यात सांगितले असून कामलेचा (काविळीचा) विचारही तेथेच केला आहे. यावरून पांडु ही जुनी संज्ञा आजच्या अर्थाहून व्यापक होती हे दिसते. माती खाणे आणि फिकटपणा यांच्यातील संबंध त्या काळी ध्यानात आला होता आणि मंडूर, लोहभस्म यांसारखे लोहाचे योग या रोगावर वापरले जात, ही गोष्ट लक्षणीय आहे. यूरोपात सिडनम यांनी सतराव्या शतकात तरुण मुलींच्या ‘हरितपांडु’ विकारावर लोहाचा कीस मद्यात भिजवून दिला.

प्रतिबंध : भारतात गर्भवतींना लोह व फॉलिक अम्ल यांच्या गोळ्या देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला. २०१८ पासूनच्या ‘ॲनिमियामुक्त भारत’ मोहिमेत गर्भवती व स्तनदा मातांना प्रत्येकी १८० दिवस ६० मिग्रॅ. लोहाची गोळी, शाळेतील मुलामुलींना आठवड्यातून एक गोळी, लहान बालकांना आठवड्यातून दोनदा द्रव औषध आणि वर्षातून दोनदा जंतनाशक अशी योजना आहे. अर्धशतकाच्या प्रयत्नांनंतरही प्रमाण फारसे न घटण्याचे एक कारण असे की, दिलेली गोळी आणि घेतलेली गोळी यांत मोठे अंतर राहते. दुसरे असे की, बराचसा पांडुरोग केवळ लोहाच्या उणिवेचा नसतो.

आहारात डाळी, हिरव्या पालेभाज्या, नाचणी, बाजरी, अळीव यांच्याबरोबर आवळा, पेरू, लिंबू, कच्चा टोमॅटो यांपैकी काही घेतल्यास क जीवनसत्त्वामुळे लोहाचे शोषण सुधारते. मोड आणल्याने व आंबविल्याने फायटिक अम्ल घटते. या दृष्टीने मटकीची उसळ किंवा आंबोळी ही साध्या स्वयंपाकाची रूपे उपयुक्त आहेत. जेवणानंतर लगेच चहा घेण्याची सवय सोडावी. लोखंडी तव्यावर व कढईत, विशेषतः आंबट पदार्थ, शिजविल्यास अन्नात काही लोह उतरते. मांसाहार करणाऱ्या घरात मटण, मासे, यकृत यांचा वाटा मुली व गर्भवती यांनाही मिळावा. सहा महिन्यांनंतर केवळ आईच्या दुधातून बाळाची लोहाची गरज भागत नाही. वरच्या अन्नास तेव्हाच आरंभ करावा, आणि त्या अन्नाची जागा गाई-म्हशीच्या दुधाने किंवा चहाने घेऊ नये. जन्मानंतर नाळ एक ते तीन मिनिटे थांबून बांधल्यास वारेतील बरेच रक्त बाळाकडे जाते व पहिल्या काही महिन्यांचा साठा वाढतो. यास कोणताही खर्च येत नाही.

संडासाचा वापर व पायांत वहाणा यांनी अंकुशकृमींचा आणि डासांच्या नियंत्रणाने हिवतापाचा प्रसार रोखता येतो. आनुवंशिक प्रकार प्रचलित असलेल्या समाजांत विवाहापूर्वी किंवा गर्भारपणाच्या आरंभी दोघांचे रक्त तपासावे. वाहक व्यक्ती स्वतः बहुधा निरोगी असते. पती व पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत मुलाला तीव्र विकार होण्याचा संभव चारांत एक असतो.